खालच्या छतावरचा डाग आणि वरचे सहा सेंटीमीटर

इंदिरानगरातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर आमचे एक काका राहतात. नात्यातले नव्हेत. सातपूरला आम्ही एकाच कारखान्यात होतो, ते रिटायर झाले, मी अजून मेंटेनन्सलाच आहे. एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला. "अरे, खालचे सर वर आले होते. त्यांच्या हॉलच्या छताला परातीएवढा डाग पडलाय. म्हणतात, तुमची माशांची टाकी गळते. तू येऊन बघ बाबा एकदा."

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. आत सहा ओरांडा गोल्डफिश. खाली कपाटात सम्प (कामगारांचा नव्हे, पाण्याचा), म्हणजे काचेची दुसरी छोटी टाकी. वरच्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा उभा बॉक्स, त्याला वरून दात. पाणी दातांवरून बॉक्समध्ये पडतं, तळाच्या भोकातल्या उभ्या पाईपने सम्पमध्ये उतरतं, स्पंज आणि गोट्यांमधून गाळलं जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने बसवून दिलेली ही व्यवस्था. डागाची तक्रार आल्यावर तोच माणूस दोनदा येऊन सगळ्या सांध्यांना सिलिकॉन फासून गेला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आमच्या नाशकात सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे, त्यामुळे बंब निदान लवकर पोचतो एवढंच.

टाकी गळत नव्हती. मी स्टँडखाली चारही बाजूंनी रद्दीचे कागद पसरले आणि चार दिवस तसेच ठेवले. कोरडे ठणठणीत. सांधा गळत असेल तर तो रोज गळेल, वार बघून गळणार नाही. काका म्हणाले, पाणी येतं ते कधीतरीच येतं, आणि नेमकं कधी ते आठवत नाही. काकूंना आठवायची गरजच नव्हती. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात "फरशी पुसली" असं लिहिलेल्या सहा तारखा होत्या. तीन रविवार, दोन बुधवार आणि एक शुक्रवार.

"रविवारी-बुधवारी तुम्ही टाकीचं काय करता?"

"काही नाही. सकाळी उडालेलं पाणी भरतो फक्त."

"आणि लाईट?"

त्यावर काकूच म्हणाल्या, "लाईट गेली की हे आधी टाकीकडे पळतात. पण दर वेळी पाणी येतंच असं नाही ना!"

प्रकरणाची मेख इथेच होती. वळवाचे दिवस, वारं सुटलं की लाईट जाणार. पण लाईट जाऊनही काही वेळा फरशी कोरडी राहायची, म्हणून कोणी त्या बाजूने विचारच केला नव्हता.

मेन स्विच पाडून

मत्स्यटाकीचा निचरा तपासायचा तर ती चालू असताना नुसतं बघत बसण्यात अर्थ नाही. चालू असताना सगळं छानच दिसतं. ती बंद पडते तेव्हा कुठलं पाणी कुठे जातं, ते बघायचं. सम्पच्या काचेवर चालू पातळीला चिकटपट्टी लावली, शेवटच्या कप्प्यात नेहमीच्या खुणेपर्यंत पाणी भरून घेतलं, जुने टॉवेल अंथरले आणि काकांना म्हटलं, पाडा स्विच.

पंप थांबला. खालून पाणी ढकलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा परतीच्या पाईपमधलं पाणी उलटं खाली यायला लागलं. या पाईपचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली ६ सेंटीमीटर बुडालेलं होतं. तोंड पाण्यात, दुसरं टोक खाली, मधे हवा नाही, म्हणजे सायफन झालाच. तोंड उघडं पडेपर्यंत तो टाकी उपसत राहणार.

हिशेब सोपा आहे, पण कोणी केलेला नव्हता. टाकी आतून साधारण १२० बाय ४५ सेंटीमीटर धरा, म्हणजे ५,४०० चौरस सेंटीमीटर. पातळी १ सेंटीमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. ६ सेंटीमीटरचे झाले ३२ लिटर. कोपऱ्यातल्या बॉक्समधलं वरचं दोनेक लिटर धरून ३४. सम्प ७५ बाय ३५ चा, वर रिकामी जागा १० सेंटीमीटर, म्हणजे मावणार २६ लिटर. उरलेलं ८ लिटर पाणी कपाटाच्या तळात, तिथून फरशीच्या सांध्यांत आणि तिथून खालच्या सरांच्या छताला.

मग कधी येतं, कधी नाही, असं का? तर पाणी उडतं म्हणून. एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी आणि वर पंखा. एवढ्या टाकीतून दिवसाला तीनेक लिटर सहज जातं. सम्पवाल्या टाकीत ही घट वर दिसत नाही, कारण वरची पातळी दातांनी धरून ठेवलेली असते. घट दिसते ती फक्त पंपाच्या कप्प्यात. तीन दिवसांत तिथे नऊ लिटरची जागा मोकळी व्हायची. शनिवारी लाईट गेली तर त्या जागेत जादा पाणी मावायचं. रविवारी सकाळी काका इमानेइतबारे कप्पा भरायचे आणि संध्याकाळी लाईट गेली की पूर. म्हणजे पूर यायचा तो काकांच्या शिस्तीमुळे. हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

पाणी सम्पच्या काठाखाली बोटभर राहिलं तेव्हा मी परतीचा पाईप वर उचलला. घळ्ळ करून हवा आत शिरली आणि सायफन तुटला. पाईपच्या वाकणाखाली बारीक भोक दिसत होतं. दुकानदाराने ते पाडलेलं होतं, आणि बरोबर जागी. पातळी थोडी उतरली की त्यातून हवा आत जावी आणि सायफन तिथेच तुटावा, एवढंच त्याचं काम. पण भोक दोन मिलिमीटरचं, सतत ओलं आणि वरून टाकीच्या दिव्याचा उजेड. शेवाळाने ते बुजून गेलं होतं. मी टोकदार काहीतरी मागितलं, तर काकूंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. पिनेने हिरवी गुठळी बाहेर काढली आणि परत स्विच पाडला. या वेळी पातळी दीड सेंटीमीटर उतरली आणि सायफन आपोआप तुटला.

"झालं की मग!" काका म्हणाले. "महिन्याला पिन टोचत जाऊ." मग इन्व्हर्टरवर पंप चालवू, अशीही एक कल्पना निघाली. मी दोन्हीला नाही म्हटलं. पिन विसरली जाते. इन्व्हर्टर पूर टाळत नाही, बॅटरी संपेपर्यंत पुढे ढकलतो, म्हणजे संध्याकाळचा पूर पहाटे तीनला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवायचं मीच आधी मनात धरलं होतं. पण माशांच्या पाण्यात त्याच्या झडपेवर एखादी गोगलगाय नाहीतर गोटीचा कण बसला की झडप अर्धी उघडी राहते, आणि ते आपल्याला पूर आल्यावरच कळतं. परतीच्या पाईपचं तोंडच वर घ्यायचं, जेमतेम दीड सेंटीमीटर बुडेल एवढं. त्यात ना काही बिघडण्यासारखं, ना काही बुजण्यासारखं. भोक राहू दिलं, थोडं मोठं केलं, पण त्याच्या भरवशावर काही सोडलं नाही.

शुक्रवार

पाच तारखांचा उलगडा झाला, सहावी उरली. त्या शुक्रवारी रात्री लाईट गेलेली नव्हती. पाणी कपाटात नव्हे, टाकीच्या पुढच्या काचेवरून ओघळलं होतं, आणि पंप कोरडा पडून खरखरत होता म्हणून काकांना जाग आली. बॉक्समध्ये व्हॅलिसनेरियाचं एक लांब पान सापडलं होतं. गोल्डफिश झाडं उपटतात. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवू नये.

या शुक्रवारचं मूळ आवाजात होतं. टाकी नवीन असताना निचऱ्याचा पाईप रात्रभर गुळगुळायचा आणि दर मिनिटाला कोणी फ्लश ओढल्यासारखा घळघळायचा. पाण्याच्या मानाने पाईप मोठा असला की असंच होतं. पाणी पडताना हवा ओढून नेतं, पाईप भरून सायफन सुरू होतो, पंप देतो त्यापेक्षा जास्त पाणी ओढून बॉक्स रिकामा करतो, मग हवा शिरते, सायफन तुटतो आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराने पाईपखाली बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि तो अर्धवट बंद केला. पाईप सदा भरलेला राहिला, हवेला जागा उरली नाही, आवाज बंद. काका खूश झाले.

युक्ती खोटी नाही. पण निचऱ्याला पाईप एकच, आणि तोही आवळलेला. आवळलेल्या जागी पान अडकलं की निचरा घटणार, वर येणारं पाणी मात्र तेवढंच. टाकीच्या काठाखाली जागा होती अडीच सेंटीमीटर, म्हणजे साडेतेरा लिटरची. पंपाच्या कप्प्यात पाणी होतं १७ लिटरच्या वर. पंपाने कप्पा रिकामा होईपर्यंत वर ढकललं आणि चारेक लिटर काठावरून फरशीवर आलं. कप्प्यातलं पाणी काठाखालच्या जागेहून कमी असतं तर एक थेंब सांडला नसता, फार तर पंप कोरडा पडला असता. ही तुलना टाकी विकत घेतानाच करून बघावी.

उपाय जुनाच आहे. दोन पाईपांच्या या मांडणीला हौशी मंडळी हर्बी म्हणतात. एक पाईप व्हॉल्व्हने आवळलेला, पूर्ण भरून वाहणारा, मुका. दुसरा त्याच्याहून उंच, व्हॉल्व्ह नसलेला, नेहमी जवळजवळ कोरडा. पहिला अडला की पातळी चढते आणि दुसरा सगळं पाणी घेतो. घेताना तो बोंबलतो. बोंबललाच पाहिजे.

भोक

दुसऱ्या पाईपला दुसरं भोक हवं होतं. टफन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) काचेला भोक पाडता येत नाही, ड्रिल टेकवलं की अख्खी काच भुगा होते, आणि टाक्यांचे तळ बऱ्याचदा टफन असतात. ओळखायचं कसं? काचेमागे लॅपटॉप धरा, स्क्रीन पूर्ण पांढरा ठेवा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. काच टफन असेल तर गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. काकांच्या मुलाचा गॉगल घालून मी हॉलमध्ये टाकीभोवती फिरत होतो, तेव्हा खालचे सर चौकशीला आले. त्यांनी मला बघितलं, काकांकडे बघितलं आणि नंतर येतो म्हणाले. तळाला ठिपके दिसले, मागची काच साधी निघाली.

मासे जुन्या पाण्यासह निळ्या ड्रममध्ये गेले, एअर पंप लावून. रिकामी टाकीही ७५ किलोच्या आसपास भरली, १२ मिलिमीटरची काच हलकी नसते. चौघांनी उचलून ती पुढच्या काचेवर, गादीवर आडवी निजवली. टँक निपलच्या (काचेच्या भोकात बसणारा, पाईप जोडायचा आट्यांचा तुकडा) आट्यांचा व्यास व्हर्नियरने मोजला, त्याहून दोन मिलिमीटर मोठं डायमंड होल सॉ आणलं आणि बॉक्सच्या मागे, वरच्या बाजूला, कुठल्याही कडेपासून किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडून खूण केली. काच तापली की तडकते, तेव्हा खुणेभोवती पाणी साठून राहायला पाळ हवी. माझ्या पिशवीत पुट्टी होती, पण काकूंनी पोळ्यांच्या कणकेचा गोळा आणला आणि दोन मिनिटांत अशी पाळ घातली की थेंब बाहेर जाईना. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर, दाब हाताच्या वजनाएवढाच. पाणी दुधासारखं पांढरं झालं. आठ-दहा मिनिटांनी आवाज बदलला आणि चकती टक्कन सुटून आतल्या टॉवेलवर पडली. शेवटच्या मिनिटाला दाब सोडायचा असतो, नाहीतर पलीकडून टवके उडतात.

आता माझी चूक. पोराला दिंडोरी रोडला पाठवताना मी एवढंच म्हणालो, "एक इंची पीव्हीसी आण." तिकडची दुकानं शेतीची, द्राक्षबागांच्या ठिबकची. तिथे एक इंची म्हणजे ३२ एमएमचा पाईप, बाहेरून बरोबर ३२. माझं टँक निपल आणि एल्बो होते घरगुती प्लंबिंगच्या इंची मापाचे, त्यात बसतो तो पाईप बाहेरून ३३.४. एल्बोत पाईप ढिला जातोय हे माझ्या हाताला कळलं होतं, पण घाई होती, म्हटलं सॉल्व्हंट भरून काढेल. सॉल्व्हंट सिमेंट फट भरत नाही, ते दोन पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, आणि त्यासाठी ते एकमेकांना भिडलेले लागतात. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सांध्याला थेंब लटकला. वीस वर्षं पाईप जोडून हे. सगळं कापून काढलं, निपलपासून सम्पपर्यंत एकाच मापाचा पाईप घेतला, सांधे २४ तास वाळू दिले, आतून साध्या पाण्याने धुऊन घेतले, मगच पाण्यात मासे.

पहिल्या पाईपवरचा बॉल व्हॉल्व्ह काढून गेट व्हॉल्व्ह घातला. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण बंद होतो, त्याने बारीक जुळणी जमत नाही. दोन्ही पाईपांची टोकं सम्पच्या पाण्यात जेमतेम बोटभर बुडवली. जास्त बुडवली तर सुरुवातीला पाईपमधली हवा बाहेर पडत नाही. आवळलेल्या पाईपचं वरचं तोंड बॉक्समध्ये खोल घेतलं, म्हणजे तो हवा ओढणार नाही. याचा एक खर्च आहे. लाईट गेली की आता बॉक्सही तिथवर रिकामा होतो, सातेक लिटर. परतीच्या पाईपचे ८ आणि हे ७, मिळून १५ लिटर. सम्पमध्ये जागा २६ ची. चालेल.

बादल्या

हे सगळं चालू असताना काकांनी हळूच मूळ दुखणं काढलं. गोल्डफिश घाण फार करतात, आठवड्याला निम्मं पाणी बदलावं लागतं, म्हणजे दीडशे लिटर, पंधरा लिटरच्या दहा बादल्या, आणि कंबर साथ देत नाही.

त्याला वेगळी लाईन केली. टाकीच्या काठावर पाईपचा उलटा यू अडकवला. त्याचं आतलं तोंड टाकीच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडा ठेवून काका बाजारात गेले तरी निम्म्याखाली पाणी उतरायचं नाही. बाहेरचा पाईप भिंतीलगत बाल्कनीपर्यंत, मीटरला दीडेक सेंटीमीटर उतार देऊन. सायफन तोंडाने ओढायचा नाही. बाल्कनीत वॉशिंग मशिनचा नळ आहे. त्याची नळी लाईनच्या टोकाला लावून टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत पाणी उलटं सोडायचं, नळ बंद करून नळी लगेच काढायची, की लाईन वाहू लागते. नळी तशीच लावून ठेवली आणि नळाचं प्रेशर पडलं तर माशांचं पाणी घराच्या पाईपमध्ये ओढलं जाईल, म्हणून काढून ठेवायची हे मी काकांकडून तीनदा वदवून घेतलं. लाईनचं टोक नहाणी ट्रॅपच्या जाळीत खुपसलं नाही, वर दोन बोटं मोकळी हवा सोडली. पण बहुतेक वेळा पाणी ट्रॅपमध्ये जातच नाही. नळी जोडून ते खाली सोसायटीच्या ड्रममध्ये उतरतं आणि कढीपत्त्याला, मोगऱ्याला घातलं जातं. माशांना मीठ किंवा औषध दिलं असेल त्या आठवड्यात मात्र थेट ट्रॅपमध्ये. भरताना नळाचं पाणी आधी ड्रममध्ये घेऊन त्यात अँटिक्लोरीन, हे काका आधीपासूनच करत होते.

शेवटी परीक्षा. आधी स्विच पाडला. पातळी चढली आणि सम्पच्या काठाखाली चारेक सेंटीमीटर राखून थांबली. मग पंप चालू करून गेट व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा फिरवत बसलो. घळघळ, मग गुळगुळ, मग नुसती सळसळ, आणि मग फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. काका म्हणाले, "बंद पडला का रे?" नव्हता पडला. मग काकूंनी पोह्यांच्या डब्याचं झाकण दिलं, ते मी पहिल्या पाईपच्या तोंडावर दाबून धरलं. बॉक्समधलं पाणी चढलं, दुसऱ्या पाईपने एक मोठा घोट घेतला आणि असा गरजला की स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू येईना. टाकीची पातळी सेंटीमीटरभर चढून तिथेच थांबली.

जूनच्या सुरुवातीला डाग वाळला, सरांनी छत रंगवून घेतलं, अर्धा खर्च काकांनी दिला. जुलैत बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पुन्हा थोडी ओल दिसली. सर वर आले. काकूंनी त्यांच्यासमोर कॅलेंडर ठेवलं. अख्ख्या महिन्यात "फरशी पुसली" एकदाही नव्हतं. मग दोघं मिळून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले, भिंतीच्या भेगेची तक्रार घेऊन.